आभाळाचा डबा

१९७३ साल, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, दुपारचे चार. सांगलीत एका लाकडाच्या वखारीवरच्या लांबट खोलीत मी एका फोटोला जवळजवळ नाक लावून उभी होते. पाठीमागून बिरनाळेअण्णा म्हणाले, "बाई, फोटो बघायचा असतोय. हुंगायचा नसतोय."

सगळे हसले. मीही हसले, पण नाक हलवलं नाही.

कृष्णाकाठ छायाचित्रकार मंडळाचं ते वार्षिक प्रदर्शन होतं. सभासद एकोणीस, त्यांत बाई मी एकटी. वय एकतीस, मुलींच्या शाळेत आठवी ते अकरावीला भूगोल शिकवायचे. माझं नाव शरयू माईणकर, पण मंडळात पहिल्या महिन्यात मी माईणकरबाई होते, दुसऱ्या महिन्यात भूगोलबाई झाले आणि नंतर नुसती बाई.

मी तिथं गेले ती ढगांसाठी. भूगोलाच्या पुस्तकातले ढग सगळे सारखेच, पिंजलेल्या कापसासारखे छापलेले असत. मुलींना खरे ढग दाखवावेत म्हणून आदल्या उन्हाळ्यात मी साधा डब्याचा कॅमेरा घेतला आणि दिवाळीनंतर मंडळात नाव घातलं. पण ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. पावसाळा संपला तरी ढग असे आलेच नाहीत. आभाळ बघावं तर घासून ठेवलेल्या परातीसारखं, कोरं. मग मी माणसांकडे बघायला लागले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळ भरायचं. फोटो बघण्यात एक तास जायचा आणि भडंग-चहात दोन. मला त्या दोन तासांचं जास्त कुतूहल होतं. गळ्यात कॅमेरे अडकवून सगळे उभे असायचे, पण तिथं कुणी कुणाचा फोटो काढायचं नाही. कुणी पुण्याच्या दुकानाचा पत्ता लिहून घ्यायचा, कुणी नांद्रेकर डॉक्टरांपुढं तोंड उघडून दाढ दाखवायचा. अध्यक्ष बिरनाळेअण्णा, हळदीचे मोठे अडते, खिडकीपाशी बसायचे आणि ज्याला काही हवं असेल तो खिडकीकडे सरकायचा. सचिव गजानन शिखरे, पाटबंधारे कचेरीत कारकून, कधीच कुठं उभे दिसायचे नाहीत. ते भडंग वाटत फिरायचे. घरून कांदा-मिरची चिरून आणायचे आणि तिथंच मोठ्या पातेल्यात कालवायचे.

त्या रविवारी मात्र सगळेजण दाराकडे बघत होते. पुण्याहून परीक्षक यायचे होते, वर्टी म्हणून. पुण्याच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत ते फोटो विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्याकडे फोटोग्राफरची एक जागा रिकामी होती. पहिला येईल त्याला पुढच्या सोमवारी मुलाखतीला बोलावणार, असं त्यांनी पत्रातच कळवलं होतं. बिरनाळेअण्णांना नोकरीची गरज नव्हती, त्यांना कप हवा होता. नांद्रेकरांना दोन्ही नको होतं, नाव हवं होतं. नोकरी ज्यांना खरंच हवी होती, ते त्याबद्दल बोलत नव्हते.

भिंतीवर एकवीस फोटो होते, काळे-पांढरे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. नावं झाकलेली, खाली फक्त आकडे. मी नाक लावलं होतं ते अकरा नंबरला. म्हैसाळच्या बाजूचा असावा असा कच्चा रस्ता, लांब जाणारी एक बैलगाडी, तिच्यामागं उडालेली धूळ आणि वर एक प्रचंड ढग. ऐरणीसारखा सपाट माथा, डाव्या अंगाला उजळलेली कड आणि त्या कडेला कुत्र्यानं लचका तोडावा तशी एक खाच.

माझा जीव हरखला. हा तर पुस्तकात असायला हवा होता. कुणी काढला, कुठं, कधी? मी भिंतीच्या सुरुवातीकडे सरकले. चार नंबरला कृष्णेचा घाट आणि नाव होती. त्यावर तोच ढग. तीच खाच. मी अकरापाशी परत आले, मग पुढं गेले. पंधरा नंबरला देऊळ होतं आणि त्यावरही तोच, फक्त उलटा, म्हणजे आरशात दिसावा तसा. खाच उजवीकडे.

"अहो, हा ढग इथंही आहे," मी मोठ्यानं म्हणाले.

शिखरे शेजारीच होते. त्यांनी कागदावरचं भडंग माझ्यापुढं धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, आत्ता नको."

"पण बघा ना, तिन्हीकडे..."

"बघितलंय मी. सकाळी मीच टांगलेत सगळे. घ्या, भडंग घ्या."

तेवढ्यात वर्टी आले. उंच, बारीक, खिशात भिंग. त्यांनी कुणाशी ओळख करून घेतली नाही. हात मागं बांधून ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेले. सगळे त्यांच्यामागून, लग्नात नवरदेवामागून जातात तसे. अकरा नंबरपाशी ते दोन्ही वेळा थांबले.

मला अजून वाटतं की मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात एखादी मुलगी शंका विचारते तेव्हा मी तिला कधी गप्प केलं नाही, आणि ती सवय मलाच भोवली. मी म्हटलं, "सर, एक विचारू? हा एकच ढग तीन ठिकाणी कसा?"

मग बिरनाळेअण्णा हसत म्हणाले, "ओ बाई, आभाळ आहे ते. सगळ्यांचंच असतंय की."

पुन्हा हशा झाला. वर्टी हसले नाहीत. त्यांनी भिंग काढलं, तिन्ही फोटो जवळून बघितले आणि विचारलं, "कुठून आला हा?"

"डब्यातनं," बिरनाळेअण्णांनी सरळ सांगून टाकलं.

मला तो डबा तेव्हा पहिल्यांदा कळला. मंडळाच्या डार्करूममध्ये दोन माणसं जेमतेम मावत. त्या दोघांतली एक मी असणं कुणाला सोयीचं वाटत नसे, मलाही नाही, त्यामुळे मी आत कधी गेलेच नव्हते. तिथं बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता आणि झाकणावर खडूनं 'आकाश' लिहिलेलं होतं. ज्याला कधी चांगला ढग मिळेल त्यानं नुसत्या ढगाची एक निगेटिव्ह त्या डब्यात टाकायची, नाव न घालता. ज्याच्या फोटोतलं आभाळ कोरं येईल त्यानं ती घ्यायची. आधी खालची जमीन छापायची, मग निगेटिव्ह बदलून वर ढग छापायचा आणि पुन्हा डब्यात ठेवून द्यायची.

"आमच्याकडे शेजारणीकडनं विरजण न्हेतात," बिरनाळेअण्णा म्हणाले, "तसंच हे. त्यात कुणी चोरी म्हणत न्हाई. आणि ह्या वर्षी आभाळ होतं कुठं? सगळ्यांनीच डबा उघडला."

"तिघांनी एकच विरजण नेलं," वर्टी म्हणाले. "चित्रातला प्रत्येक भाग स्वतः टिपलेला असावा, हे तुमच्याच पत्रकात छापलंय. तिन्ही बाद." मग ते म्हणाले, "वाईट वाटतं. अकरा नंबर मी पहिला ठरवला होता."

माझ्या हातातलं भडंग तसंच राहिलं. कुणाचं तरी चित्र माझ्यामुळे भिंतीवरून उतरत होतं आणि कुणाचं तेही मला ठाऊक नव्हतं.

"आणि तो ढग ज्याचा असेल त्याचं?" मी विचारलं. "तो ह्या तिघांपैकीच असला तर?"

"तर त्याचं राहील. पण ठरवणार कसं?"

"डबा जुना आहे," नांद्रेकर म्हणाले. "कोण सांगणार?"

"फोटोच सांगेल," मी म्हटलं, आणि मला अगदी फळ्यापुढं उभं असल्यासारखं वाटायला लागलं. "सर, ढगाची डावी कड उजळलेली आहे. म्हणजे सूर्य डावीकडे. चार नंबरमध्ये नावेची सावली डावीकडेच पडलीय, म्हणजे तिथं सूर्य उजवीकडे होता. हा ढग त्या घाटावरचा नाही. पंधरामध्ये ढग उलटा छापलाय, तो उजवीकडून उजळलाय, पण देवळाची डावी भिंत उन्हात आहे. तेही जमत नाही. अकरामध्ये बघा. गाडीची सावली उजवीकडे, ढग डावीकडून उजळलेला. सूर्य खाली आलाय हेसुद्धा दोन्हींत सारखंच आहे. हा ढग ह्याच रस्त्यावरचा."

वर्टींनी पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ ते बघत राहिले. मग वळून म्हणाले, "बाई, कॉलेजात शिकवता?"

"शाळेत."

"मुली भाग्यवान आहेत." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "अकरा नंबर कुणाचा?"

मागच्या बाकावरून हुसेन सतारमेकर उठले. मिरजेचे, सतारी बनवणाऱ्या घरातले, चौतिशीचे. तीन वर्षांपूर्वी भोपळा कोरताना पटाशी सुटली आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याची शीर तुटली. तेव्हापासून सतारीचे पडदे बसवायचं बारीक काम त्यांना जमत नव्हतं. काकांच्या कारखान्यात ते आता लाकूड घासायचे. घरी बायको आणि दोन मुली. हे सगळं मला त्या भडंगाच्या दोन-दोन तासांत कळलेलं होतं.

"ढग तुमचा?" वर्टींनी विचारलं.

हुसेनभाईंनी माझ्या डोक्यावरून मागं बघितलं. मीही वळून बघितलं. मागं फक्त शिखरे होते, किटलीतून कपात चहा ओतत. त्यांनी मान वर केली नाही. एक कप भरला, मग दुसरा.

"हो," हुसेनभाई म्हणाले. "मीच ठेवला होता डब्यात."

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या बिरनाळेअण्णांनी वाजवल्या. चार नंबर त्यांचा होता. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही आमचा कप घालवला, पण काय घालवला!"

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आईला सावल्यांची गोष्ट दोनदा सांगितली.

बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की बाहेर कुणी भेटायला आलंय. फाटकाशी हुसेनभाई उभे होते. मला वाटलं, आभार मानायला आले असतील.

"बाई, ढग माझा नव्हता."

मला पटकन काही कळेना. "पण सावल्या?"

"सावल्या मी जुळवल्या."

"जुळवल्या म्हणजे?"

"सगळे जमीन काढतात आणि मग डब्यात आभाळ शोधतात," ते म्हणाले. "मी आधी आभाळ घेतलं. त्याचा एक छोटा फोटो छापून खिशात ठेवला आणि जमीन शोधत फिरलो. सूर्य ह्याच बाजूला पाहिजे, एवढाच खाली पाहिजे. नऊ संध्याकाळ म्हैसाळच्या रस्त्याला गेलो. नवव्या दिवशी गाडी मिळाली." मग म्हणाले, "चोरीच ती. पण सूर्य बघून केली."

मला हसू आलं असतं, पण राग आला. खरं सांगायचं तर खोटेपणाचा कमी आणि माझ्या पुराव्याचा जास्त. ज्याची मी दोन दिवस फुशारकी मारली, तो पुरावा ह्या माणसानं नऊ दिवस चालून माझ्यासाठी तयार करून ठेवला होता.

"ढग कुणाचा मग?"

"शिखरेसाहेबांचा. डब्यात टाकताना मी बघितलं होतं त्यांना."

"आणि ते तिथं उभे असताना तुम्ही हो म्हणालात?"

"त्यांनी वर बघितलं असतं तर नाही म्हणालो असतो." ते जमिनीकडे बघायला लागले. "सोमवारी मुलाखत आहे. तुम्ही सांगाल तर मी जात नाही. आपणहून न जाणं मला जमेना, म्हणून आलो."

घंटा झाली. मी म्हटलं, "उद्या साडेपाचला शिखऱ्यांच्या घरी या. डब्यातली ती ढगाची निगेटिव्ह घेऊन या."

शिखऱ्यांचं घर खणभागात, दोन खोल्यांचं. दार उघडून त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं. "या," ते म्हणाले. "बाई येतील असं वाटलं होतं. दोघं याल असं नव्हतं वाटलं."

हुसेनभाईंनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. मग मीच सगळं सांगितलं. शिखऱ्यांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पुठ्ठ्यावरचा फोटो होता. खाली आकडा बावीस.

"हा रविवारी सकाळी टांगला होता मी," ते म्हणाले. "शेवटी टांगला. मग मागं सरून बघितलं तर तोच ढग आणखी तीन ठिकाणी. चौथा ठेवला असता तर लोक म्हणाले असते, शिखऱ्यानं पण डब्यातलाच घेतला. उतरवला आणि कांदा चिरायला बसलो."

त्या फोटोत हळदीचं वाळवण होतं, मोठं अंगण भरून. पाच-सात बाया वाकून हळद गोळा करत होत्या. एकीनं डोक्यावरचा पदर दातांत धरला होता, दुसरी ताडपत्री ओढत होती. आणि वर, त्यांच्या पाठीमागं, तो ढग. डावी कड उजळलेली, खाच तशीच.

मी सवयीनं सावल्या शोधल्या. एकही नव्हती. जमीन सगळी करडी, सपाट, अंधारलेली.

"सावली नाही," मी म्हटलं.

"कुठनं असणार? ह्या ढगाचाच पुढचा पदर आमच्या डोक्यावर आला होता. एप्रिल एकाहत्तरचा वळीव. हा फोटो घेतला आणि लगेच कॅमेरा वर करून नुसता ढग घेतला, डब्यासाठी."

त्यांनी एका पाकिटातून वाळवणाच्या फोटोची निगेटिव्ह काढली आणि हुसेनभाईंच्या पुडीतली तिच्याशेजारी ठेवली. कात्रीनं तिरक्या कापलेल्या दोन कडा एकमेकींत बसल्या. म्हणजे चार चित्रांमधलं खरं तेवढं एकच, आणि माझ्या परीक्षेत तेच नापास झालं असतं.

"तुम्हाला हवी होती का हो ती नोकरी?" मी विचारलं.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "हवी नव्हती कशी? अर्ज लिहून ठेवलाय की देवाच्या तसबिरीमागं. दर गुरुवारी हळद-कुंकू त्यालापण लागतंय."

"तू चहा बघ," शिखरे म्हणाले.

"साहेब, मी वर्टींना पत्र लिहितो," हुसेनभाई म्हणाले.

शिखरे दोन्ही निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. मग एकदम त्यांनी विचारलं, "दिवस किती वर होता रे?"

"कुठं?"

"तुझ्या त्या रस्त्यावर."

"कासराभर. त्याहून थोडा कमीच."

"अन् जोड कुठं लपवलास? जमीन संपून ढग सुरू होतो तो? मी रविवारपासून शोधतोय, सापडेना. झाडाच्या शेंड्यात?"

"नाही. धुळीत," हुसेनभाई म्हणाले. "गाडीमागच्या धुळीत. धुळीला कड नसते."

"धुळीत!" शिखऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे, म्हणून गाडी! मी म्हणतोय, ह्याला गाडीच का पाहिजे होती!"

आणि ते दोघं खाली बसले. हुसेनभाईंनी बोटानं फरशीवर रस्ता काढला, शिखऱ्यांनी त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा धरला, छापताना हात किती वर ठेवायचा, किती सेकंद हलवायचा, ते बोलत राहिले. चहा आला, त्यावर साय धरली. मी तिथं आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

उठताना शिखरे म्हणाले, "जा तू पुण्याला. मी काही साधू नाही, मला राग आलाय आणि तो राहणार. पण तिथं बियाणं, पानं, असलं जुळवून काढायचं असतंय. ते तुला जमेल. मला नुसतं वर बघायला जमतं." मग दारात थांबून म्हणाले, "एक कर. येत्या रविवारी मंडळात ये आणि ढग कुणाचा ते सांग. तेवढं तुझ्या तोंडानं ऐकू दे."

"येतो," हुसेनभाई म्हणाले.

रविवारी ते आले नाहीत. पाच वाजले, सव्वापाच झाले. शिखऱ्यांनी भडंग कालवलं, वाटलं, एक कागद शेजारी भरून ठेवला. तेवढ्यात मिरजेचं कुणीतरी म्हणालं की हुसेन कालच्या गाडीनं पुण्याला गेला.

मी शिखऱ्यांकडे बघितलं. ते पातेलं पुसत होते.

मी उठले. त्यांच्या घरून तो फोटो मी आधीच मागून आणला होता, हुसेनभाई बोलतील तेव्हा दाखवायला. तो भिंतीवर टांगला आणि म्हटलं, "गेल्या रविवारी मी चुकले. ढगाचा मालक मी चुकीचा सांगितला." आणि सगळं सांगितलं, माझ्या सावल्यांसकट.

नांद्रेकर पुढं होऊन म्हणाले, "काळोखाच आहे जरा, नाही? वर्टींनी ह्याला दिला नसता."

"सरका," बिरनाळेअण्णा म्हणाले. ते खिडकीतून उठून आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्यासारखंच नाक फोटोला लावलं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

"ही हौसाबाई," ते म्हणाले. "आणि ही तिची जाऊ. अरे, हे माझं वाळवण आहे!" ते वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "त्या वळिवात माझी चाळीस पोती हळद भिजली. ह्या ढगाला मी अंगणात उभा राहून शिव्या घातल्यात, शिखरे! आईबहिणीवरनं! आणि दोन वर्षांनी तोच डब्यातनं काढून माझ्या घाटावर चिकटवला. मला कळलं न्हाई!"

पहिल्यांदा शिखरे हसले. मग सगळी खोली हसली, आणि ते हसू थांबेना. हसता हसता शिखऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते बराच वेळ पुसत राहिले.

"पुण्याला पत्र टाकू या," बिरनाळेअण्णा म्हणाले. "आत्ता. मी सही करतो."

"नाही," शिखरे म्हणाले.

"का न्हाई?"

"माझं चित्र मी उतरवलं. कुणी उतरवायला लावलं नव्हतं."

त्यापुढं तो विषय मंडळात निघाला नाही.

हुसेन सतारमेकरांना ती नोकरी मिळाली. सव्वीस वर्षं त्यांनी पानांचे, मुळांचे आणि दाण्यांचे फोटो काढले. काही मोठमोठ्या पुस्तकांत छापून आले, खाली त्यांचं नाव असायचं. मुली शिकल्या, एक पुण्यातच शिक्षिका झाली. मंडळात ते पुन्हा कधी आले नाहीत. दर एप्रिलला मात्र शिखऱ्यांच्या पत्त्यावर पुण्याहून फिल्मच्या सहा रिळांचं पार्सल यायचं, चिठ्ठी नसलेलं. शिखरे ती रिळं वापरायचे. एकदा मी विचारलं, "तुम्ही त्यांना काही कळवत नाही?" तर म्हणाले, "रिळं परत पाठवत नाही, तेवढं कळतं त्याला."

बिरनाळेअण्णांनी हळदीचा तो फोटो विकत मागितला. शिखऱ्यांनी तसाच दिला. त्यांच्या अडत दुकानात गादीमागं तो शेवटपर्यंत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ढगाला घातलेल्या शिव्या पुन्हा घालून दाखवायचे. ते शहाऐंशी साली गेले. नांद्रेकर डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले, तिकडून बर्फाचे फोटो पाठवायचे.

गजानन शिखरे हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. कप त्यांना कधीच मिळाला नाही. माझ्या वर्गात चौदा वर्षं जे ढग लागले होते, ते सगळे त्यांनी दिलेले, मागं तारीख आणि वेळ लिहून. दोन हजार चार साली ते गेले. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, तसबिरीमागचा तो अर्ज त्यांनी स्वतःच काढून टाकला होता, पण कधी ते तिला कळलंच नाही.

मी आता चौऱ्याऐंशीची आहे. मंडळ अजून आहे, फोनवर चारशे जण आहेत आणि महिन्यातून एकदा घाटावर जमतात. डोळे बरे होते तोवर त्यांनी मला बरीच वर्षं परीक्षक म्हणून बोलावलं. मी सावल्या बघायची सोडली नाही, सवय जात नाही. पण गुण देण्याआधी मी खोलीत एक प्रश्न विचारायची, "सकाळी टांगलेला फोटो कुणी उतरवून ठेवलाय का?"

पहिली काही वर्षं सगळे हसले. म्हातारीचं काहीतरी, असं म्हणाले असतील. मग एका वर्षी मागच्या रांगेत एका मुलीनं हात वर केला. तिच्या पायांशी पिशवी होती आणि पिशवीतून फ्रेमचा एक कोपरा बाहेर आला होता.

मी म्हटलं, "आण बघू."